घर सोडायची वेळ आली तर: मुंबईत नव्याने आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

घरमालकाचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. "ताई, फ्लॅट विकायला काढलाय. पुढच्या महिनाअखेरीला रिकामा करून द्या." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. सासूबाई आतल्या खोलीत शास्त्र वाचत होत्या, मुलं खाली खेळत होती, हे अजून कामावरून यायचे होते. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली. करपल्याचा वास आला म्हणून सासूबाई बाहेर आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता गॅस बंद केला.

आम्ही श्रीरामपूरकडचे. विक्रोळीत येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. चर्चच्या मंडळीत नाव घातलं होतं, दर रविवारी भक्तीला जात होतो, पण ओळखी सलाम करण्यापुरत्याच होत्या. त्या फोननंतर तीन आठवडे मी कुणालाही काही सांगितलं नाही. पाळकसाहेब विचारायचे, "कुणाची प्रार्थनेची विनंती आहे का?" आणि मी मान खाली घालून बसायचे. लाज वाटत होती. लोक म्हणतील, गाव सोडून आले आणि इथे डोक्यावर छप्पर नाही. चौथ्या रविवारी चहाच्या वेळी एक मावशी सहज म्हणाल्या की त्यांच्या भाच्याची कन्नमवारनगरातली खोली मागच्याच आठवड्यात भाड्याने गेली. "आपल्यातलं कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं," असंही म्हणाल्या. घरी येऊन मी खूप रडले. खोली होती, देणारा आपलं माणूस शोधत होता, आणि मी दोन बाकं सोडून गप्प बसले होते.

त्यानंतर आम्हाला घर मिळालं. मंडळीत अशीच पाळी आलेल्या बऱ्याच कुटुंबांबरोबर मी घरं शोधत, कार्यालयांत फिरत आले आहे. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते. तुम्ही मुंबईत नवे असाल तर यातल्या काही गोष्टी तुम्हाला कुणी सांगितलेल्या नसतील.

पहिल्या रात्री: प्रार्थना आणि कागदांची पिशवी

दोन्ही एकाच बैठकीत करा. मुलं जाणती असतील तर त्यांनाही जवळ घ्या. त्यांच्यापासून लपवलेलं त्यांना कळतंच, आणि लपवल्यामुळे जास्त भीतीदायक होतं. एखादं स्तोत्र वाचा, थोडी प्रार्थना करा, आणि लगेच कागद काढून बसा.

माझा आधार यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायाचा. यरुशलेमला वेढा पडलेला आहे, शहर जाणार हे स्वतः संदेष्टाच सांगतोय, तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी तो चुलतभावाकडून शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, साक्षीदार उभे करतो, मोहोर लावतो आणि तो कागद मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावा म्हणून. हा अध्याय आधी अनेकदा वाचला होता. घर जायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्याचा विश्वास त्या कागदावरच्या सहीत आणि साक्षीदारांत दिसतो.

आपलं मातीचं भांडं म्हणजे चेनची प्लॅस्टिकची फाइल. तीत करारनामा, डिपॉझिट दिल्याचा बँकेचा पुरावा, भाडं भरल्याच्या पावत्या किंवा फोनवरचे व्यवहार, लाइट बिल, सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, मुलांचे शाळेचे आणि जन्माचे दाखले, बाप्तिस्म्याचे दाखले. प्रत्येकाचा फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा.

मग वहीच्या कोऱ्या पानावर चार गोष्टी लिहा. घर कोणत्या तारखेला सोडायचं आहे. महिन्याला खरोखर किती भाडं झेपेल. आज हातात रोख किती आहे. आणि जुनं डिपॉझिट कोणत्या दिवशी परत मिळणार. हा चौथा आकडा बहुतेक लोक लिहीतच नाहीत, आणि गाडी तिथेच अडते. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

करार नीट वाचा

मुंबईत आपल्यासारख्यांचा करार बहुधा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. त्यात राहण्याची परवानगी मिळते, जुन्या चाळीत पागडी, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम, देऊन राहिलेल्या भाडेकरूसारखा हक्क मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर दुसरी बाजू ते खोटं ठरवत नाही. म्हणून "नोंदणी नाही, तेव्हा तुम्हाला काहीच हक्क नाही" असं कुणी दरडावलं तर घाबरू नका.

मुदत संपायच्या आधी घर रिकामं करायला सांगितलं असेल तर करारात नोटिशीची अट शोधा. साधारणपणे एक महिना लिहिलेला असतो. लॉक-इनचा, म्हणजे करार मधेच मोडता न येण्याचा, काळ लिहिला असेल तर तो मालकालाही लागू आहे का, तेही बघा. सामान बाहेर फेकणं, कुलूप बदलणं, हे मालकाला करता येत नाही. मुदतीनंतरही त्याला सक्षम प्राधिकरणाकडे अर्जच करावा लागतो. तसं कुणी करू लागलं तर ११२ ला फोन लावा.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मुदत संपल्यावर घर अडवून बसू नका. कलम २४ प्रमाणे त्यानंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. "देव काहीतरी करील, आपण हलायचं नाही" असं म्हणत दोन महिने बसून राहिलेलं एक कुटुंब मी पाहिलं आहे. त्यांचं डिपॉझिट त्यातच संपलं. देवावरचा भरवसा आणि दुसऱ्याचं घर अडवणं यांचा काही संबंध नाही.

प्रश्न कराराचा नसून इमारतच धोकादायक ठरली असेल तर मामला वेगळा. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका आणि म्हाडा (राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण) अशा इमारतींच्या याद्या काढतात. महापालिकेच्या यादीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करायची. अशा घरात मुलांना घेऊन एक दिवसही राहू नका. बाहेर पडलं म्हणून जुन्या भाडेकरूचा हक्क बुडत नाही. मात्र निघण्यापूर्वी आपल्या खोलीचं क्षेत्रफळ आणि आपलं नाव पालिकेच्या नोंदीत आलं आहे याची खात्री करा आणि त्याची प्रत घ्या. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे संक्रमण शिबिरासाठी, म्हणजे तात्पुरत्या घरासाठी, अर्ज करता येतो. झोपडपट्टी पुनर्वसनात असाल तर परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव आहे का, हाच पहिला प्रश्न. १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असेल तर घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून.

वकिलाची गरज पडली तर १५१०० या नंबरवर विधी सेवेची मदत मिळते. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. एवढ्याच कारणासाठी मी सगळ्यांना सांगते, नव्या करारात नवरा-बायको दोघांची नावं घाला. भाड्याचे दावे चालतात ते लघुवाद न्यायालयात, धोबी तलावला आणि वांद्र्याला.

मंडळीला सांगा, आकड्यासकट सांगा

या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

आपल्याकडे प्रार्थनेची विनंती धूसर देण्याची सवय आहे. "घरगुती अडचण आहे, प्रार्थनेत आठवण करा." लोक आठवण करतात, मनापासून करतात, पण ऐकणाऱ्याला हात कुठे लावायचा ते कळत नाही. त्याच्या ओळखीत रिकामी खोली असली तरी ती खोली आणि तुमची अडचण यांची गाठ त्याच्या डोक्यात पडत नाही. मी तीन आठवडे गप्प बसले, पण धूसर बोलले असते तरी कन्नमवारनगरची खोली हातची गेलीच असती.

तेव्हा चार वाक्यं लिहून काढा. आमची अशी होती: "आम्हाला ३० तारखेपर्यंत घर सोडायचं आहे. आम्ही पाच माणसं आहोत, त्यांत एक वृद्ध आई आणि दोन शाळेतली मुलं. भाडं पंधरा हजारांपर्यंत आणि डिपॉझिट पंचाहत्तर हजारांपर्यंत झेपेल. भांडुपपासून घाटकोपरपर्यंत कुठेही चालेल, लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्यापर्यंत." हे वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता. पण त्याच दिवशी तीन जणांनी नंबर घेतले.

सांगायचं कुणाला? आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट मंडळीत आधी पाळकसाहेबांना, मग मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीच्या सेक्रेटरींना, आणि महिला मंडळाला तर आवर्जून. मुंबईतल्या घरांची खरी खबर बायकांकडे असते. कुणाची सून वेगळी राहायला निघाली, कोणता मुलगा परदेशी चालला, कुणाच्या शेजारची म्हातारी लेकीकडे गेली, हे दलालाच्या आधी महिला मंडळाला कळतं. कॅथलिक असाल तर आपल्या चर्चच्या, म्हणजे पॅरिशच्या, ऑफिसात जाऊन फादरना भेटा आणि तुमच्या गल्लीचा किंवा इमारतीचा लहान ख्रिस्ती समूह कोण चालवतं ते विचारा. बऱ्याच पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू केलेलं हे काम आहे. तिचे सभासद दोघादोघांनी घरी येऊन परिस्थिती बघतात आणि मग मदत ठरवतात. ते घरी आले, डबे-पातेली बघितली, म्हणून अपमान वाटून घेऊ नका. समोर बसून ऐकल्याशिवाय मदत बरोबर जागी पडत नाही.

रविवारी भक्ती सुटल्यावर दारातच पाळकांना गाठू नका. तेव्हा त्यांच्याभोवती पन्नास माणसं असतात. फोन करून आठवड्यातली वेळ मागा आणि फाइल घेऊन नवरा-बायको दोघं जा.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ती चार वाक्यं टाकायला हरकत नाही. आधार कार्ड, करारनामा, बँकेचं खातं मात्र कधीच टाकू नका. घरातली भांडणं, कुणाचं व्यसन, कुणाचं कर्ज हेही तिथे लिहू नका. ते पाळकांच्या कानावर घातलं की पुरे.

आणि अजून कुठल्याच मंडळीत नाव नसेल तर? गावच्या पाळकांकडून किंवा फादरकडून सभासदत्वाचं पत्र मागवून घ्या. फोटो काढून पाठवलं तरी चालतं. ते पत्र हातात असलं की नव्या ठिकाणी तुम्ही परके राहत नाही. पत्र नसेल तरी जा. कुठलाही पाळक पत्रावाचून तुम्हाला दारातून परत पाठवणार नाही, असा माझा अनुभव आहे.

मंडळीकडून काय मिळेल, काय नाही

चर्चकडे रिकाम्या खोल्या नसतात. चर्चच्या हॉलमध्ये कुटुंबाला राहू देणं बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही, आणि संडे स्कूल, लग्नं, सभा यांतून तो मोकळाही नसतो. गरिबांसाठीचा निधी असतो, पण लहान. त्यातून एखाद्या महिन्याचा किराणा किंवा मुलाची फी निघते, डिपॉझिट निघत नाही. हे आधीच माहीत असलं तर पाळकांवर उगाच रागावायची वेळ येत नाही.

मंडळीकडे असतात ती माणसं. कुणी टेम्पोवाला, कुणी बँकेत, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी, कुणी निवृत्त शिक्षक ज्यांचा कल्याणचा किंवा बदलापूरचा फ्लॅट बंद पडून आहे. आम्हाला मिळालेली मदत अशी: एका काकांनी नव्या घरमालकाला फोन करून सांगितलं, "माणसं माझ्या ओळखीची आहेत." दोन तरुण संघाच्या मुलांनी कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. एका भगिनीने सामान हलवायच्या दोन दिवसांत सासूबाईंना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रीजला चिकटवल्या.

ओळखीच्या माणसाच्या त्या एका फोनची किंमत मुंबईत फार आहे. घर बघायला गेलं की कधीकधी नाव ऐकूनच दलालाचा सूर बदलतो. "सोसायटीत चालत नाही," "खाणंपिणं कसं आहे तुमचं?" आम्हीही ते ऐकलं आहे, मुलांसमोर ऐकलं आहे. वाईट वाटतं, वाटू द्या. पण अशा दारावर दिवस घालवू नका, तारीख जवळ येत असते. त्या दिवशी घरी आल्यावर मुलांशी त्याबद्दल बोला, नाहीतर आपल्यातच काही खोट आहे असं ती धरून बसतात. मग जिथे आपली किंवा आपल्या ओळखीची माणसं राहतात तिथून पुन्हा शोध सुरू करा.

मधल्या आठ दिवसांचे पैसे

आता चौथ्या आकड्याकडे. जुना मालक डिपॉझिट देतो चावी परत घेताना. नवा मालक डिपॉझिट मागतो चावी देण्याआधी. या दोन दिवसांमध्ये जी फट असते, तीत कुटुंबं सावकाराच्या दारी जातात. आठ-दहा दिवसांपुरती निकड असते, आणि व्याज मात्र वर्षभर मानगुटीवर बसतं.

ही फट भरून काढणं मंडळीच्या आवाक्यातलं आहे. पंचाहत्तर हजार रुपये एकाच घराकडे मागितले तर कुणीही बिचकेल. पाच घरांनी पंधरा-पंधरा हजार दहा दिवसांसाठी देणं मात्र जमतं, कारण पैसा कुठून परत येणार ते सगळ्यांना दिसत असतं. तेव्हा जुन्या मालकाकडून डिपॉझिट परत करण्याची तारीख लेखी घ्या, मेसेजवर घेतली तरी चालेल, आणि तो मेसेज उसने देणाऱ्यांना दाखवा.

प्रत्येक उसनवारी वहीत लिहा. कुणाचे, किती, कधी घेतले, कधी द्यायचे, खाली दोघांच्या सह्या. "आपण बहीण-भाऊ, लिहायचं कशाला?" असं कुणी म्हटलं तरी लिहा. पौलाने यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती नेण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. कारणही त्याने करिंथकरांना कळवलं: प्रभूच्या दृष्टीने तर सरळ असावंच, पण माणसांच्या दृष्टीनेही असावं. मंडळीतली मनं तुटलेली मी पाहिली आहेत, आणि पुष्कळदा त्यामागे न लिहिलेला पैसा होता. देणाऱ्याने दान म्हणून दिलं असेल तर तेही वहीत दान म्हणूनच लिहा, म्हणजे पुढे कुणाच्या मनात किंतु राहणार नाही.

भिशी असेल तर आपला नंबर आधी मिळेल का ते विचारा. नोकरीच्या ठिकाणच्या पतपेढीत बघा. आपल्या समाजाला हे काही नवं नाही. वसईतल्या कॅथलिकांनी १९१८ मध्ये एकत्र येऊन सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथलिक बँक. सावकाराकडे जायचीच वेळ आली तर त्याचा परवाना आधी बघा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. अशा दिवसांत कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, "इतकी रक्कम देवाच्या कामाला पेरा, महिन्यात घर मिळेल." एक रुपयाही देऊ नका. तुमच्या डिपॉझिटच्या पैशांवर आशीर्वादाचा भाव लावणारा माणूस तुमचं भलं करत नाही. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी, टाकल्या त्या स्वतःहून, तिच्याकडे मागायला कुणी आलं नव्हतं.

नव्या घराचं टोकनही घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकाच्या नावाचं लाइट बिल किंवा सोसायटीचं बिल पाहिल्याशिवाय देऊ नका. डिपॉझिट बँकेतूनच द्या. नोंदणीचा खर्च किती, हेही आधी समजून घ्या, म्हणजे एजंट फुगवून सांगणार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. पंधरा हजार भाडं अकरा महिन्यांसाठी म्हणजे १,६५,००० रुपये. त्यात पंचाहत्तर हजार डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, ६,८७५ रुपये. एकूण १,७१,८७५ वर शुल्क साधारण ४३० रुपये होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर येतो तो ऑनलाइन कामाचा किरकोळ खर्च आणि एजंटची मजुरी. दलालाची दलाली वेगळी, बहुधा एका महिन्याचं भाडं. घर मंडळीतून मिळालं तर तीही वाचते.

म्हाडाच्या घराचं आमिष दाखवून कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. म्हाडाने कुणीही एजंट नेमलेला नाही.

घर मिळेपर्यंत

तारीख आली आणि घर मिळालं नाही, असंही होतं. तेव्हा सामान एका ठिकाणी आणि माणसं दोन ठिकाणी ठेवायची तयारी करा. मोठं सामान मंडळीतल्या कुणाच्या पोटमाळ्यावर किंवा गाळ्यात, आई आणि मुलं एका घरी, बाप दुसरीकडे. किती दिवस, ते पहिल्याच दिवशी त्या घरच्यांना सांगा, आणि आठवडा झाला की स्वतःहून विषय काढा. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राहायचं तर भाजी आणायचं काम आपल्याकडे घ्या. नोकरी करणारी तरुण मुलगी असेल तर वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिलांच्या संस्थेची वसतिगृहं आहेत, तिथे चौकशी करा.

मुलांची शाळा घाईने बदलू नका. लोकलने अर्धा तास लागला तरी वर्ष पूर्ण होऊ द्या, सगळं हलत असताना शाळा तरी तीच राहते. बदलावीच लागली तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला लगेच द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. रेशन आता कुठल्याही दुकानावर मिळतं, त्यासाठी जुन्या पत्त्यावर जायची गरज नाही.

घर सोडायची वेळ नवऱ्याच्या मारहाणीमुळे आली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि १८१ या महिलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे राहत्या घरात राहण्याचा तुमचा हक्क आहे, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी. "सोस, प्रार्थना कर, प्रभू त्याचं मन बदलील" असा सल्ला मंडळीतून मिळाला, तर तो मानू नका. मार खाणं ही ख्रिस्ताची आज्ञा नाही. प्रार्थना करणारी माणसं असतील तर त्यांना सांगा, पोलीस ठाण्यापर्यंत माझ्याबरोबर चला.

आणि मनाचं काय? मला रात्री तीन वाजता जाग यायची. पंखा फिरत असायचा आणि मी आकडे मोजत पडायचे. त्या वेळी मोठी प्रार्थना सुचत नाही. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" एवढंच म्हणायचे, पुन्हा पुन्हा, झोप येईपर्यंत. कधी उत्तरार्धावर विश्वास बसायचा नाही, तरी म्हणायचे. मनुष्याच्या पुत्रालाही डोकं टेकायला ठिकाण नव्हतं, हे आठवलं की बरं वाटायचं. आपण जे भोगतोय ते त्याच्या ओळखीचं आहे.

कुणी तुम्हाला विचारेल, "काही पाप तर नाही ना घरात?" त्यांना उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेच. तुमच्याजवळ असं बसणारं एखादं माणूस सापडलं तर त्याला धरून ठेवा.

आमच्या शेजारच्या कॅथलिक आँटी सासूबाईंना एका बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या बुधवारच्या प्रार्थनेला, घेऊन गेल्या. आमच्याकडे ही रीत नाही. बाहेरच्या दुकानांत मेणाची छोटी घरं मिळतात, दार-खिडक्या कोरलेली. ज्यांना घर हवं असतं ते घेऊन अर्पण करतात. सासूबाईंनी एक घेतलं. हे जरा नाराज झाले, मला मात्र ते घर बघून भरून आलं. एवढ्याशा मेणाच्या घरात त्या बाईने आमचं सगळं ओझं भरून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच आँटी माझ्याबरोबर भांडुपला दोन घरं बघायला आल्या. त्यांतल्या दुसऱ्या घरात आम्ही आज राहतो.

नव्या घरात गेल्यावर

पहिल्या आठवड्यात उसने पैसे परत करा, वहीतल्या नोंदीवर देणाऱ्याची सही घ्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती मालकाने कळवली का ते विचारा. करार संपायच्या तीन महिने आधीची तारीख फोनमध्ये लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी घाई होणार नाही. आधार, बँक, गॅस यांवरचे पत्ते सावकाश बदला. फार लांब गेला असाल तर तिथल्या मंडळीत नाव घाला, पण जुन्या पाळकांना सांगून आणि पत्र घेऊन.

घरसभा, म्हणजे घरी प्रार्थनेची सभा, ठेवा. पडदे लागले नसतील, खुर्च्या नसतील, तरी ठेवा, चटईवर बसतात लोक. ज्यांनी कपाट उतरवलं, ज्यांनी गोळ्यांच्या वेळा लिहिल्या, ज्यांनी पंधरा हजार दिले, त्यांना बोलवा. ज्यांनी फक्त विचारपूस केली त्यांनाही. चहा आणि कांदेपोहे पुरेत.

सामानाचे खोके फेकू नका. चिकटपट्टी कापून ते घडी घाला, सुतळीची गुंडाळी करा, भांड्यांना गुंडाळलेल्या जुन्या चादरी धुऊन वाळवा. आमच्या चर्चच्या जिन्याखाली एक कपाट आहे, त्यात हे सगळं ठेवलेलं असतं. चावी महिला मंडळाच्या सेक्रेटरींकडे मिळते.